जेवून सिनेमाला जाणारे

"भुकेल्याला दोन घास द्यावेत, याविषयी आमचे दुमत नाही. पण भंडाऱ्यात पोटभर जेवून हे लोक संध्याकाळी सिनेमाला जातात, याला काय म्हणायचे?" रायपूरच्या एका मराठी बैठकीत हा प्रश्न मला विचारण्यात आला. विचारणारे गृहस्थ कंजूष नव्हते. त्यांच्या घरातून दर नवरात्रात मोहल्ल्यातील भंडाऱ्यासाठी तांदूळ जातो आणि तो मोजूनमापून जात नाही. त्यांचा राग खरा होता. आपण भुकेसाठी दिलेले अन्न दुसऱ्याच कामी आले, असे त्यांना वाटत होते, आणि फसवल्या गेलेल्या माणसाच्या स्वरात ते बोलत होते. बैठकीतील कोणी त्यांना अडवले नाही. उलट प्रत्येकाजवळ सांगण्यासारखा एखादा किस्सा होता. एकाच दिवशी तीन मंडपांत जेवलेल्या मुलांचा, बोलावणे नसताना लग्नात शिरलेल्यांचा, पिशवीत पुऱ्या भरून नेणाऱ्या बाईचा. अशा किश्शांना आपल्या समाजात श्रोते कधी कमी पडत नाहीत.

माझी भूमिका आरंभीच सांगतो, म्हणजे पुढे गैरसमज नको. सुट्टीच्या दिवशी फुकटचे जेवण शोधत हिंडणारा आणि वाचलेल्या पैशातून चित्रपट पाहणारा मजूर कोणाचीही फसवणूक करीत नाही. अन्न देणाऱ्याचा त्या अन्नावरचा हक्क पत्रावळीवर वाढून झाले की संपतो. वाचलेल्या पैशांवर तर त्याचा हक्क कधी नव्हताच. आणि भुकेखेरीज दुसरी कोणतीही इच्छा नसलेला माणूसच अन्नाला पात्र आहे, ही कल्पना मला दयेची वाटत नाही. ती हिशेबनिसाची आहे.

ज्यांच्याविषयी हे बोलणे चालले होते ते लोक बीरगांवचे. बीरगांव हे रायपूरच्या उत्तरेस बिलासपूरच्या रस्त्यालगत वसलेले आहे. आज तेथे स्वतंत्र महानगरपालिका आहे, तिला तिकडे 'नगर निगम' म्हणतात. पण रायपूर कोठे संपले आणि बीरगांव कोठे सुरू झाले हे नवख्याला कळत नाही. फाफाडीह, खमतराई, भनपुरी अशी नावे एकामागून एक जातात, हवा जड होत जाते, रस्त्याकडेच्या झाडांची पाने काळवंडलेली दिसू लागतात, तेव्हा समजावे की आपण पोचलो. शेजारी उरला औद्योगिक क्षेत्र आणि पुढे सिलतरा. (उरला या नावाचा मराठी कानाला जो अर्थ लागतो, तो तिकडच्या कोणाच्या मनात नसतो, पण दिवसपाळी संपवून बाहेर पडणारी माणसे पाहिली की तो आठवल्यावाचून राहत नाही.) स्पंज आयर्नच्या भट्ट्या आणि रोलिंग मिला ही येथील मुख्य वस्ती, माणसांची वस्ती त्यांच्या आधाराने उभी राहिलेली. छत्तीसगढच्या खेड्यांतून, बिहारमधून, उत्तर प्रदेशातून, ओडिशातून आलेले तरुण एकेका खोलीत चौघे-पाचजण राहतात. शिधापत्रिका बहुधा गावी, बायकापोरांजवळ असते. खोलीत पाच किलोचा गॅस, एक कुकर, दोन ताटे. पाळ्या वेगवेगळ्या असल्याने स्वयंपाक जागा असलेल्याने करायचा आणि झोपलेल्याने उठून गार खायचा, अशी व्यवस्था. भट्टीला रविवार नसतो. ती विझवून चालत नाही म्हणून सुट्ट्या फिरत्या असतात, आणि ठेकेदाराच्या हजेरीपटावर असलेल्या माणसाची सुट्टी म्हणजे बहुधा बिनपगारी दिवस. ज्याच्या वाट्याला शनिवारची रात्र आणि रविवार मोकळा येतो, तो आठवडाभर त्याचीच वाट पाहत असतो.

हा दीड दिवस कसा जातो ते पाहण्यासारखे आहे. शनिवारी संध्याकाळी मारुतीच्या देवळापाशी कोणी तरी नवस फेडीत असतो. पुरी, बटाट्याची रस्साभाजी आणि बुंदी. बातमी कोणी छापत नाही. ध्वनिवर्धकाचा आवाज, रस्त्यावर टाकलेला मंडप, तळणाचा वास आणि अलीकडे मोबाइलवर आलेला दोन शब्दांचा निरोप एवढ्यावर ती पसरते. रविवारी सकाळी उशिरा उठणे, कपडे धुणे, ते वाळत असताना त्यांवर काजळी बसू नये म्हणून जागा बदलीत राहणे. दुपारी ऑटोने रायपूर. गुरुद्वाऱ्यात डोके झाकून लंगरात बसले की डाळ, रोटी, एखादी भाजी, कधी खीर. तेथे कोणी विचारत नाही की तुम्ही कोण, कोठले, आणि सकाळपासून काही खाल्ले आहे काय. मग चालत चालत चित्रपटगृह. तिकीट काढणारा आज कोण, यावर थोडा वाद. चित्रपट बरा असो वाईट असो, अडीच तास अंधारात, गार हवेत, भट्टीपासून दूर बसायला मिळते. रात्री परतताना एखाद्या मंगल कार्यालयाच्या दारात बँड वाजत असेल तर धीट असतो तो आत जातो. सगळेच जात नाहीत. आत जाणे न जाणे यावर त्यांच्यांतही मतभेद आहेत, आणि ते मतभेद आमच्या बैठकीतल्या चर्चेपेक्षा अधिक बारीक असतात. लंगर चालेल, भंडारा चालेल, लग्न नको, असे म्हणणारा मला भेटला आहे. लग्नात आहेर देतात; ज्याच्या हातात आहेर नाही त्याने तेथे बसू नये, असे त्याचे म्हणणे होते.

या शोधाला ज्ञान लागते. पौर्णिमा कोणती, रामनवमी कधी, हनुमान जयंती कोणत्या वारी, १८ डिसेंबरला गुरू घासीदासांच्या जयंतीची मिरवणूक कोणत्या रस्त्याने जाणार, रावाभाठ्याच्या बंजारी मातेकडे नवरात्रात गर्दी केव्हा ओसरते, छठ पूजेचा ठेकुआ कोणाच्या घरून येईल, एकादशीला धान्य नसते म्हणून त्या दिवशी कोठे जाऊ नये, हे सगळे त्यांना पाठ असते. माझ्या परिचयाच्या मराठी घरांत दाते पंचांग भिंतीवर असते आणि मुहूर्तापुरते उघडले जाते. बीरगांवचा मुलगा पंचांग न पाहता जगतो, पण तिथी चुकत नाही.

आता मूळ आक्षेपाकडे येतो. मराठीत फुकट खाणाऱ्यासाठी शब्दांची वाण नाही. फुकट्या, ऐतखाऊ, आयतोबा, फुकटचंबू. पण हेच खाणे आपल्यापैकी कोणी केले की शब्द बदलतात. तेव्हा केळवण होते, प्रीतिभोजन होते, चहापान होते, परिसंवादाच्या कार्यक्रमपत्रिकेत 'भोजन : १.३० ते २.३०' असे छापलेले असते. साहित्यसंमेलनाच्या भोजनमंडपात मी अनेकदा जेवलो आहे. तेथे मला कोणी विचारले नाही की तुम्ही खरोखर भुकेले आहात काय, आणि रात्रीच्या नाटकाला गेलो म्हणून दुपारचे श्रीखंड वसूल करायलाही कोणी आले नाही.

यापेक्षा महत्त्वाची गोष्ट वेगळी आहे. आज ज्याला आपण मराठी सुशिक्षित वर्ग म्हणतो, त्याच्या घडणीत फुकटच्या जेवणाचा वाटा फार मोठा आहे. पुण्यात शिकायला आलेला गरीब विद्यार्थी वार लावून जेवत असे. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या, असे सात वार सात घरी ठरलेले. ज्याचा एखादा वार रिकामा राही तो त्या दिवशी माधुकरी मागे किंवा उपाशी निजे. या जेवणावर वकील, मामलेदार, शिक्षक, संपादक तयार झाले. त्यांच्या आठवणींत वारांची हकीगत अभिमानाने सांगितलेली असते, आणि ती अभिमानाने सांगण्यासारखी आहेच. पण त्या मुलांपैकी एकानेही वाचलेल्या पैशातून कधी नाटकाचे तिकीट काढले नसेल, असे कोण छातीवर हात ठेवून सांगेल? किर्लोस्करांचे 'शाकुंतल' १८८० साली पुण्यात रंगभूमीवर आले. त्यानंतर संगीत नाटकाने जे वेड लावले ते काय फक्त श्रीमंतांनाच? पिटात दाटीने बसलेल्यांत वारकरी विद्यार्थी असणार, म्हणजे वार लावून जेवणारे. जेवण लेल्यांकडे आणि पद किर्लोस्करांचे. त्यांना कोणी ऐतखाऊ म्हटल्याचे माझ्या वाचनात नाही. त्यांना रसिक म्हटले गेले.

याहून मागे गेले तर पेशव्यांचा रमणा दिसतो. श्रावणात पर्वतीच्या पायथ्याशी दूरदूरहून आलेल्या ब्राह्मणांना दक्षिणा वाटली जाई. १८१८ साली राज्य गेले, तरी इंग्रजांनी दक्षिणा एकदम बंद केली नाही. तिच्याच पैशातून १८२१ साली विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा निघाली. १८४९ साली पुण्यातील सुधारकांनी अर्ज केला, की या रकमेचा काही भाग मराठी ग्रंथांच्या उत्तेजनासाठी खर्चावा, आणि त्यातून पुढे दक्षिणा प्राइझ कमिटी आली. म्हणजे अर्वाचीन मराठी ग्रंथाला मिळालेल्या पहिल्या आश्रयांपैकी एक हा फुकट वाटपाच्या पैशातून आलेला आहे. मराठीच्या अभ्यासकाने हे विसरू नये. याच कमिटीकडे जोतीराव फुल्यांनी १८५५ साली आपले 'तृतीय रत्न' हे नाटक पाठवले आणि कमिटीने ते नाकारले. त्या नाटकात एक जोशी भविष्याची भीती घालून गरोदर कुणबी बाईच्या घरून ब्राह्मणभोजन उकळतो. फुकटच्या जेवणाचा खरा विचार मराठीत कोणी प्रथम केला असेल तर या नाटकाने. पण फुल्यांचा रोख पाहावा. जेवणाऱ्याला भूक होती की नव्हती, हे ते विचारीत नाहीत. ते जेवण कोणाच्या कष्टाचे, कोणत्या धाकाने काढलेले आणि त्या बदल्यात कोणाचे डोके खाली गेले, हे विचारतात. याच फुल्यांच्या सत्यशोधक समाजाने १८७७ च्या दुष्काळात धनकवडीला उपाशी मुलांसाठी अन्नाची सोय केली. दोन्हींत विसंगती नाही.

मग भूक सिद्ध करून दाखवण्याची अट आली कोठून? आपल्या जुन्या अन्नदानात दुसरे दोष पुष्कळ होते. जात विचारली जाई, पंगती वेगळ्या असत, आणि सर्वांत पुण्यकारक भोजन ते ज्याला आधीच तूप मिळत होते त्याचेच मानले जाई. पण जेवून उठल्यावर हा कोठे जातो, याची चौकशी त्यात नव्हती. माझ्या समजुतीप्रमाणे ही चौकशी दुष्काळी कामांच्या राज्यकारभाराबरोबर मुरली. इंग्लंडमध्ये १८३४ च्या दरिद्री-कायद्याने तत्त्व घालून दिले होते, की मदत घेणाऱ्याची स्थिती सर्वांत हलक्या मजुराच्या स्थितीपेक्षा खालची राहिली पाहिजे, नाही तर माणसे कामच सोडतील. तेच तत्त्व १८७७ साली सर रिचर्ड टेंपल घेऊन मद्रासेस गेले, आणि दिवसभर खडी फोडणाऱ्या पुरुषाला एक पौंड धान्य व वर किरकोळ पैसे पुरे आहेत, असे त्यांनी ठरवले. मुंबई इलाख्यातील दुष्काळी कामांवरच्या मजुरांनी त्याच वर्षी कपात केलेली मजुरी नाकारून कामे सोडली. सार्वजनिक सभेने त्यांची बाजू मांडली. सरकारच्या लेखी हा उद्धटपणा होता, कारण खरा भुकेला तक्रार करीत नाही. आमच्या बैठकीतील गृहस्थांनी टेंपलसाहेबांचे नावही ऐकलेले नसावे, पण ते बोलत होते त्यांच्याच भाषेत.

एक आक्षेप मात्र मी फार गंभीरपणे घेतो. तो मध्यमवर्गाकडून येत नाही. फुकटच्या अन्नाने माणसाचा कणा मोडतो, हे डॉ. आंबेडकरांनी सांगितले आहे, आणि त्यांनी ते वरून पाहून सांगितलेले नाही. मार्च १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत त्यांनी आपल्या लोकांना बजावले, की मेलेल्या जनावराचे मांस सोडा, दारोदार मागितलेले शिळे तुकडे सोडा. दया पवारांनी १९७८ साली आपल्या आत्मकथनाला 'बलुतं' हे नाव दिले, त्या एका शब्दात त्या तुकड्यांचा सारा इतिहास आहे. मग बीरगांवच्या मंडपातील पुरी आणि महारवाड्यात आलेली शिळी भाकर यांत फरक काय?

फरक आहे. ती भाकर वास्तविक फुकट नव्हतीच. तिच्या मोबदल्यात वर्षभर राबायचे, सांगावे घेऊन धावायचे, मेलेली जनावरे ओढायची. मजुरीला मजुरी म्हणायचे नाही आणि भीक म्हणून टाकायचे, म्हणजे हक्काने मागता येत नाही, अशी ती युक्ती होती. शिवाय घेणारा ओळखीचा होता. आज ज्या दारात उभा राहिला त्याच दारात त्याला उद्या उभे राहायचे होते, आणि त्याच्यामागून त्याच्या मुलाला. बीरगांवच्या रस्त्यावर पंगतीला बसलेला मुलगा वाढप्याच्या ओळखीचा नसतो. उद्या त्याला त्याच्यापुढे वाकायचे नसते. शहराच्या अनोळखीपणाविषयी आपल्या कवींनी पुष्कळ दुःख व्यक्त केले आहे. गावात ज्याच्या आडनावावरून पंगतीतली जागा ठरत होती, त्याच्या दृष्टीने हा अनोळखीपणा म्हणजे सुटका आहे. लंगराची थोरवी यातच आहे की तेथे वाढणारा कृतज्ञता गोळा करीत नाही.

आणि जेथे तो ती गोळा करतो तेथे सावध असावे, हे मी मान्य करतो. मंडपावर अन्नापेक्षा मोठा फलक आणि फलकावर हात जोडलेला पुढारी दिसला, छायाचित्र काढून होईपर्यंत पुरी हातातच धरून ठेवावी लागली, की बलुत्याची वाट परत सुरू झाली असे समजावे. मंडपात काही ठिकाणी मान्यवरांसाठी खुर्च्या आणि बाकीच्यांसाठी जमीन असते, तेही मी पाहिले आहे. पण हा दोष वाढणाऱ्याचा आहे. तो जेवणाऱ्याच्या माथी मारून आणि त्याच्या तिकिटाचा हिशेब मागून मिटणार नाही.

आता त्या तिकिटाविषयी. गरिबाने पैसा अन्नावर, औषधावर, मुलांच्या पुस्तकांवर खर्चावा. करमणुकीवर खर्चला तर तो एक तर गरीब नाही किंवा शहाणा नाही, असे आपण धरून चालतो. जॉर्ज ऑर्वेल १९३७ साली उत्तर इंग्लंडमधील बेकार खाणकामगारांविषयी लिहिताना याच समजुतीशी भांडला होता. अर्धपोटी, कंटाळलेल्या माणसाला पौष्टिक पण बेचव अन्न नको असते, त्याला काही तरी चवीचे हवे असते, आणि सिनेमाच्या उबेत बसायला हवे असते, असे त्याचे निरीक्षण. अभिजित बॅनर्जी आणि एस्तेर डफ्लो यांनी २०११ च्या आपल्या पुस्तकात मोरोक्कोतील एका माणसाची हकीगत दिली आहे. जास्त पैसे मिळाले तर जास्त अन्न घेईन म्हणणाऱ्या त्या माणसाच्या घरात दूरचित्रवाणी संच होता, आणि त्याविषयी विचारताच त्याने तो अन्नापेक्षा महत्त्वाचा असल्याचे सांगितले. अर्थशास्त्रज्ञांना याचे आश्चर्य वाटले याचेच मला आश्चर्य वाटते. जत्रेला जाणाऱ्या कोणत्याही शेतकऱ्याने त्यांना हे सांगितले असते.

कारण फुकटचे जेवण आणि खेळ यांची जोडी आपल्याकडे नवी नाही. दुपारी देवाचा भंडारा आणि रात्री तमाशा, हीच जत्रा. छत्तीसगढात हिला मड़ई म्हणतात, आणि रात्रभर चालणाऱ्या खेळाला नाचा. नाचाच्या याच कलावंतांना घेऊन रायपूरात जन्मलेल्या हबीब तन्वीरांनी 'चरणदास चोर' उभे केले आणि ते जगभर गेले. तेव्हा आम्ही सर्वांनी उभे राहून टाळ्या वाजवल्या. बीरगांवच्या मुलाचा शनिवार-रविवार ही एक तुकडे झालेली जत्रा आहे. देऊळ एकीकडे, पंगत दुसरीकडे, तंबू तिसरीकडे, आणि मध्ये ऑटोचे भाडे. ऑक्टोबर २००० मध्ये, राज्याच्या स्थापनेला काही दिवस उरले असताना, सतीश जैन यांचा 'मोर छइँहा भुँइया' रायपूरात लागला, तेव्हा गर्दी कोणाची होती? त्याआधी छत्तीसगढी भाषेतील पहिला चित्रपट, मनु नायक यांचा 'कहि देबे संदेस', १९६५ साली आला होता, आणि दुसरा १९७१ साली. मग जवळजवळ तीस वर्षे काही नाही. एका भाषेला स्वतःचा चित्रपट मिळाला तो तिकीट काढणाऱ्या या माणसांच्या जोरावर. सरकारी अनुदानाची वाट पाहत बसले असते तर आणखी तीस वर्षे गेली असती.

ही सुट्टीही कोणी आपण होऊन दिलेली नाही. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ पासून मुंबईच्या गिरणी कामगारांसाठी जी मागणी लावून धरली, ती १० जून १८९० रोजी मालकांनी मान्य केली, तेव्हा रविवार मिळाला. रविवार हा खंडोबाचा वार म्हणूनही हवा, असे लोखंड्यांचे म्हणणे होते असे सांगतात. ते खरे असेल तर त्यात मोठे शहाणपण आहे. सुट्टी कशासाठी, तर उद्या पुन्हा कामाला जुंपता यावे म्हणून विश्रांती, एवढेच उत्तर मालकाला पटते. खंडोबाचा वार म्हटले की तळी आली, भंडारा आला, वाघ्यामुरळीचे जागरण आले. मालकाच्या उपयोगाचे नाही असे काही तरी आले. १९४८ च्या कारखाने कायद्याने आठवड्याची सुट्टी देशभर लागू केली, पण त्या दिवशी कामगाराने काय करावे हे सांगितले नाही. कायदा आमच्या बैठकीपेक्षा समंजस होता.

हे लोक काम करीत नाहीत, हा या चर्चेचा शेवटचा डाव असतो. छत्तीसगढात २००७ पासून गरीब कुटुंबांना तीन रुपये किलोने तांदूळ मिळू लागला, पुढे तो दोन आणि एक रुपयाला आला. २०१२ च्या डिसेंबरात राज्याने स्वतःचा अन्नसुरक्षा कायदा केला, केंद्राच्या कायद्याच्या आधी. २०२३ च्या जानेवारीपासून केंद्राच्या कायद्याखालील धान्यही विनामूल्य आहे. तेव्हापासून 'मजूर मिळत नाही' हे रायपूरच्या दिवाणखान्यांतले पालुपद. जुलै २०२२ मध्ये पंतप्रधानांनी 'रेवडी संस्कृती'वर टीका केली. फेब्रुवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या एका खंडपीठाने सुनावणीच्या ओघात विचारले, की फुकट शिधा आणि पैसा देऊन आपण परोपजीवींचा वर्ग तर निर्माण करीत नाही ना. न्यायमूर्तींविषयी आदर राखून मी एवढेच म्हणेन, की एखाद्या मे महिन्यातील दुपारी उरल्यात रोलिंग मिलच्या पट्ट्यापाशी चिमटा धरून उभा असलेला माणूस पाहावा. तांबडी लोखंडी कांब सापासारखी त्याच्याकडे येते आणि ती धरून त्याला वळवायची असते. त्याच्या गावच्या घरी याच योजनेचा तांदूळ शिजत असतो.

आणि त्या तांदळाविषयी आणखी एक गोष्ट कोणी बोलत नाही. घरचे पोट स्वस्त धान्यावर भागते म्हणूनच तो एवढ्या मजुरीवर येथे उभा राहू शकतो. धान्य बाजारभावाने घ्यावे लागले असते तर ठेकेदाराला त्याला अधिक द्यावे लागले असते, किंवा माणूस टिकला नसता. रविवारचा लंगर, शनिवारची पुरी, गावचा तांदूळ, हे सगळे मिळून त्याची मजुरी पुरी होते; हजेरीपटावर तिचा एक हिस्साच लिहिलेला असतो. मग फुकट कोण जेवते? ज्याची मजुरी दुसऱ्यांच्या दानाने भरून निघते तो ठेकेदार या पंगतीत बसलेला आहे, पहिल्या रांगेत आहे, आणि त्याच्या सिनेमाला कोणी नावे ठेवीत नाही. राहिला करांचा प्रश्न, कारण 'आमच्या करांच्या पैशावर' हे शब्दही त्या बैठकीत उच्चारले गेले. चित्रपटाचे तिकीट काढणारा कर भरतो. पूर्वी करमणूक कर भरी, २०१७ पासून वस्तू व सेवा कर भरतो. शंभर रुपयांच्या आतील तिकिटावर तो सप्टेंबर २०२५ मध्ये पाच टक्क्यांवर आला. लंगरात जेवून वाचलेला रुपया सरकारलाही थोडा पोचतोच.

वाङ्मयाकडे पाहिले तर तेथेही तीच अट दिसते. छत्तीसगढच्याच भूमीतले उदाहरण घेऊ. माधवराव सप्रे हे मराठी घरातले. 'गीतारहस्य' हिंदीत नेणारे तेच. १९०० साली पेंड्राहून त्यांनी 'छत्तीसगढ मित्र' हे मासिक काढले आणि १९०१ साली त्यात 'एक टोकरी भर मिट्टी' ही कथा लिहिली. हिंदीतील आरंभीच्या कथांत ती मोजली जाते. जमीनदाराने झोपडीतून हुसकलेली विधवा परत येते आणि टोपलीभर माती मागते. टोपली उचलून देण्याची विनंती करते, जमीनदाराला ती उचलत नाही, आणि मग ती त्याला जे सुनावते त्याने तो वरमतो. कथेचे कौतुक करताना आपण त्या विधवेच्या मागणीच्या साधेपणावर लुब्ध होतो. माती मागितली, दुसरे काही नाही. तिने हीच टोपली घेऊन मड़ईला जायला चार आणे मागितले असते तर किती समीक्षकांचे डोळे ओलावले असते? आपल्या दुष्काळकथांतून, ग्रामीण कथांतून हेच चालत आले. भुकेलेला माणूस आपण पुष्कळ रंगवला. भूक भागल्यावर त्याला काय हवे असते, हे लिहिताना लेखकाचा हात आखडतो, कारण तेथे वाचकाची सहानुभूती संपते.

सप्र्यांनी मात्र एक बारकावा तेव्हाच टिपला होता, आणि तो वाचताना निसटून जातो. विधवेला ती माती हवी असते चुलीसाठी. तिची नात झोपडी सुटल्यापासून जेवत नाही. अन्न नाही म्हणून नव्हे. आजी समजावते, तरी ती ऐकत नाही. ती म्हणते, मला आपल्या घरी ने, तेथेच मी भाकर खाईन.